दोन नंबरची पाटी

१

काल सकाळी क्रीडासाहित्याच्या खोलीत नऊ पाट्या होत्या. आज आठच उरल्या होत्या.

सलोनी तोरसकरने त्या तीनदा मोजल्या, सिमेंटच्या गोण्या सारून बघितलं, बॅटींच्या पेटीमागे वाकून बघितलं. मग मुख्याध्यापकांना सांगण्याआधी तिने रुक्मिणी पेडणेकरला फोन लावला. सलोनी आडबंदरच्या शाळेत खेळ शिकवायची. रुक्मिणी पंचवीस वर्षं पोलिसात काढून, हवालदार असताना नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गावी परतली होती. गावात कुणाची म्हैस चुकली तरी लोक आधी तिच्या अंगणात येत.

मालवण तालुक्यात क्रिकेट आणि कबड्डीपुढे तिसऱ्या खेळाला कोण विचारतो. पण आडबंदरला बेसबॉल होता. १९८७ साली साटम सर कुठल्याशा शिबिराहून दोन हातमोजे, तीन चेंडू आणि बॅट मारणाऱ्याच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या तोंडावर बांधायची एक लोखंडी जाळी घेऊन आले. बाकीचे मोजे त्यांनी काथ्या आणि गोणपाटाचे शिवून घेतले, बॅटी सुरूच्या लाकडाच्या केल्या. दोन वर्षांनी त्याच पोरांनी कुडाळच्या मैदानावर जिल्ह्याची फायनल जिंकली. आता पस्तीस वर्षांनी शाळेने ठरवलं होतं की जुन्या मैदानात जो जिथे उभा राहायचा, तिथेच जमिनीसपाट चिरा बसवायचा आणि त्यावर त्या जागेच्या पहिल्या नामी खेळाडूच्या नावाची दगडी पाटी लावायची. चेंडू टाकणारा पिचर, कॅचर, तीन बेस, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप आणि मागचे तिघे. नऊ जागा, नऊ मानकरी. कार्यक्रम उद्या सकाळी दहाला होता.

"कुलूप शाबूत आहे," रुक्मिणी येऊन पोचताच सलोनी म्हणाली. "पाट्या परवा कुडाळहून आल्या तशाच गोणपाटात शिवलेल्या आहेत. मी एकही उघडली नव्हती. वर फक्त आकडे आहेत."

"कसले आकडे?"

"जागांचे. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेचा आकडा ठरलेला असतो ना. पिचर एक, कॅचर दोन, असे. दगडवाल्याला मीच तसे घालायला सांगितले होते."

रुक्मिणीने खाली वाकून बघितलं. एक होता. तीनपासून नऊपर्यंत सगळे होते. दोन नव्हता.

दोन नंबरच्या पाटीवर सुदेश चिंदरकरचं नाव कोरलेलं होतं. सगळी नावं साटम सरांच्या जुन्या स्कोअरच्या वहीवरून काढलेली. आणि सुदेशचं नाव त्या वहीत कुणी घातलं, हे रुक्मिणीला पक्कं ठाऊक होतं. तिनेच घातलं होतं.

२

"एक गाठोडं उसव," ती सलोनीला म्हणाली.

पिचरची पाटी बाहेर निघाली आणि सलोनी बघतच राहिली. दगड हिरवट होता, शेवाळलेल्या पाण्यासारखा. शाळेने सांगितला होता काळा. निमंत्रणपत्रिकेतही काळाच छापला होता. दगडवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, काळा संपला, नऊच्या नऊ हिरव्यात केल्या, सांगायचं राहून गेलं.

"हे आपल्या दोघींतच ठेव," रुक्मिणी म्हणाली.

सलोनीने मान डोलावली. तिचा आपल्यावर किती भरवसा आहे हे रुक्मिणीला टोचलं. सहा महिन्यांपूर्वी हीच पोरगी नावांची यादी घेऊन तिच्या अंगणात आली होती. "ताई, तुम्ही त्या संघाच्या स्कोअरर होता. एकदा नजर घाला, चूक नको." रुक्मिणीने यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "बरोबर आसा." पंधराव्या वर्षी केलेल्या गोष्टीला माणूस वयाकडे बोट दाखवून सुटतो. पण पन्नाशी गाठलेल्या, जन्मभर दुसऱ्यांचे जबाब घेतलेल्या बाईने कुणाकडे बोट दाखवायचं?

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष विनीत सामंत तोवर येऊन पोचले. पांढरा शर्ट, हातात निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा.

"यात शोधायचंय काय?" ते म्हणाले. "काल जत्रेची सुट्टी, शाळेत चिटपाखरू नाही. खोलीची किल्ली होती सत्यवान गवंड्याकडे. सत्यवान कुणाचा भाऊ? सुशांत कांबळीचा. आणि सुशांत म्हणतो कॅचर मी होतो. गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर लोकांसमोर बोलला तो. काळ्या ग्रॅनाइटची एवढी देखणी पाटी, फोडून टाकली असणार. मी मालवणला पोलीस ठाण्यात तक्रार देतोय, दोघा भावांच्या नावाने."

"चारपर्यंत थांबा," रुक्मिणी म्हणाली.

"चार म्हणजे चार."

सत्यवान मैदानात चिरे बसवत होता. पन्नाशीपुढचा, अंगाने रोड, हाताला सिमेंट. तो उठला नाही.

"किल्ली तुझ्याकडे होती?"

"सिमेंट थंयच ठेवलेला. काल सकाळी खोली उघडलंय, दुपारी बाराक पेज जेवूक घराक गेलंय. उघडीच ठेवलंय. दीड तासान येवन कुलूप घातलंय. ह्या चुकला माझा."

"पाटी तू नेलंस?"

त्याने तिच्याकडे रोखून बघितलं. "नेवची आसती तर खंयची नेवची ता कळाक नको? गोणपाटार आकडे. माका वाटला, एक ते नऊ लायनीत बसवूचे. आज सकाळी बाईंनी कागदार काढून दिल्यानी तेवा समाजला, दोन नंबर हंय, आणि सहा नंबर चार नि पाचच्या मधी. ह्या कसला गणित ता देवाक म्हायत."

सलोनीने दुरूनच मान हलवली. खरं होतं. आज सकाळपर्यंत सत्यवानला दोन म्हणजे कोण हे माहीत नव्हतं. चोराने मात्र एकही गाठोडं न उसवता नेमकं दोन नंबरचं उचललं होतं. चोर बेसबॉल खेळलेला होता.

म्हणजे संशय एका भावावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसला. रुक्मिणीला ज्या घराची पायरी पस्तीस वर्षांत चढायला झालं नव्हतं, तिथेच आता जायचं होतं.

३

सुशांतची शेड खाडीच्या कडेला, घराच्या मागच्या अंगाला होती. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. डावा डोळा मिटलेला. कामात असताना तो मान किंचित वळवून उजव्या डोळ्याने बघायचा.

"पाटी गेली म्हणतत," त्यानेच सुरुवात केली. "मी काल दिसभर आचऱ्याच्या बंदरार होतंय. चार जण सांगतले. पण तू ता इचारूक नाय इलंस."

रुक्मिणी दाराजवळच्या लाकडी पेटीवर टेकली.

"स्टँडार फ्लेक्स लावल्यानी ना, वहीचा पान मोठा करून. अक्षर तुजा आसा, रुक्मिणी. शाळेतसून वळाखतंय मी ता." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं. "त्या दिवशी थंय उभो ऱ्हवान मी बोल्लंय खरा, कॅचर मी होतंय म्हणान. मगे घराक येवन माकाच लाज वाटली."

"तुका कित्याक लाज?"

सुशांतने पाना खाली ठेवला.

फायनलच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. रुक्मिणी मैदानाच्या कडेला वही घेऊन बसलेली. सराव सुरू झाला आणि कॅचरची जाळी सापडेना. सुशांत म्हणाला, तशीच खेळतो. बॅटची कड लागून चेंडू उडाला तो थेट डोळ्यावर. त्याला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं, आणि साटम सरांनी रुक्मिणीला आपल्या घरी बोलावलं. सरांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. पोर शाळेच्या सरावात जाळीशिवाय उभं होतं हे कळलं तर शाळा जाईल, खेळ जाईल, त्यांची नोकरी जाईल. सुशांत किनाऱ्यावरच्या खडपावरून पडला असं सांगायचं. तो दिवाळीपासून संघातच नव्हता असं वहीत दिसलं पाहिजे. नवी वही होती. रुक्मिणीने रात्री आणि पहाटे मिळून सहा मॅचेस पुन्हा लिहून काढल्या. जिथे जिथे सुशांत होता तिथे सुदेश घातला. सर म्हणाले, पोरी, तू शाळा वाचवलीस. पुढे लोकांना फायनल तेवढी आठवत राहिली, आणि फायनलला कॅचर सुदेशच होता.

"जाळी माझ्या ताब्यात होती," सुशांत सांगत होता. "ती हरवलंय मी. सरावानंतर खिळ्याक टांगलंय असा वाटायचा, पण टांगलंय आसतंय तर थंयच ऱ्हवली नसती? अख्ख्या शाळेत एकच जाळी. डाव्या गालाची पट्टी तुटलेली, ती मीच तांब्याच्या तारेन बांधलेली. सरांनी माका सांभाळून घेतल्यानी. माझा नाव काढल्यानी म्हणजे माझी चूक झाकल्यानी. कोल्हापूरसून इलंय तो परत शाळेत गेलंय नाय. तोंड खंयचा दाखवतलंय?"

"मगे ती जाळी गावली?"

"खंय गावतली? गेली ती गेली."

रुक्मिणी उठली. तिला सांगायचं होतं की वही तुझ्यासाठी लिहिली नव्हती, ती तुझ्या विरुद्ध लिहिली होती. शब्द ओठापर्यंत आले आणि तिथेच राहिले. पण चालता चालता तिच्या मनात दुसरंच काहीतरी वळवळू लागलं. जाळी जर गेली ती गेली, तर दोन दिवसांनी कुडाळला सुदेशने तोंडावर काय बांधलं होतं?

४

सुदेश चिंदरकर वीस वर्षं बोटीवर नोकरी करून आला होता. किनाऱ्यावर त्याची पर्यटकांसाठी चार खोल्यांची जागा होती. तो माडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

"सामंतसाहेब तक्रार देतायत," रुक्मिणी म्हणाली. "कांबळी भावांवर."

तो खुर्चीतच ताठ झाला. "नको. तेंका सांग, नको म्हणान. ज्याची पाटी तो मी. माझी तक्रार नाय."

"चोरी शाळेची झाली."

"कसली चोरी नि काय. पावणे येतले, आठ पाट्यांवरचो पडदो काढा, कॅचरची जागा ऱ्हवांदे रिकामी. एक वीतभर हिरव्या फत्तरासाठी त्या गरिबाक पोलिसात खेचूचा? तेचा आधीच काय कमी झाला?"

"काल दुपारी तू खंय होतंस?"

"कुडाळ स्टेशनार. पावणे आणूक. पाट्यो मी अजून बघूक पण नाय."

"किती वाजता गाडी?"

"साडेतीनची."

म्हणजे बारा ते दीड तो गावातच होता. रुक्मिणीने पुढे विचारलं नाही. पोलिसात तिला एक गोष्ट कळली होती, की खोटं बोलणारा माणूस घाम पुसतो, आणि मनातून पोखरलेला माणूस दुसऱ्याची बाजू मांडतो. सुदेश इथे बसून सुशांतची बाजू मांडत होता.

ती तशीच शाळेत गेली. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर १९८९ च्या संघाचा फोटो होता. इतक्या वर्षांत तिने तो शंभरदा पाहिला असेल, आणि दर वेळी नजर स्वतःवरून, कोपऱ्यात वही छातीशी धरून उभ्या असलेल्या मुलीवरून, पटकन सरकवली होती. आज तिने भिंग घेऊन सुदेशच्या हाताकडे बघितलं.

मग फोटो खिळ्यावरून उतरवला आणि काखेत धरला.

५

चार वाजता शिक्षकांच्या खोलीत पाच जण बसले होते. सामंत, सलोनी, सत्यवान, सुदेश आणि रुक्मिणी. सामंतांच्या पुढ्यात तक्रारीचा अर्ज टाइप करून तयार होता.

"आधी माझं," रुक्मिणी म्हणाली. ती उभीच होती. "ती वही खोटी आहे. ती मी लिहिली. सुशांत त्या संघाचा कॅचर होता, सहाच्या सहा मॅचेसमध्ये. तो खडपावरून पडला नाही, शाळेच्या सरावात त्याच्या डोळ्याला चेंडू लागला. सरांनी सांगितलं म्हणून मी त्याचं नाव काढलं. आणि सहा महिन्यांपूर्वी सलोनीने विचारलं तेव्हा मला कुणीही खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, तरी मी यादी बरोबर आहे म्हणाले."

सलोनीचा चेहरा उतरला. सत्यवान जमिनीकडे बघत होता.

"आता पाटी," रुक्मिणी पुढे म्हणाली. "नेणाऱ्याने आकड्यावरून नेली, म्हणजे तो जुना खेळाडू. सुशांत काल आचऱ्याला होता, मी बंदरावर फोन करून खात्री केली. जुन्या संघातले बाकीचे मुंबईला आहेत किंवा या जगात नाहीत. साहेब, आज सकाळी तुम्ही पाटी काळ्या ग्रॅनाइटची म्हणालात. बरोबर ना?"

"काळ्याचीच सांगितली होती."

"आली हिरवी. ते मला आणि सलोनीला आज कळलं, आम्ही कुणाला सांगितलं नाही. गावात आणखी एकाच माणसाला ते ठाऊक होतं. सुदेश, तू म्हणालास पाट्या बघितल्या नाहीत, आणि हिरवा फत्तरही म्हणालास."

सुदेशने नाही म्हटलं नाही. तो जणू सकाळपासून या प्रश्नाची वाट बघत होता.

"काल सलोनीबाईंका सांगूक इल्लंय, माझा नाव काढा म्हणान," तो म्हणाला. "त्या जत्रेक गेलेल्यो. खोली उघडी. दोन नंबर समोरच. घराक नेवन उसवलंय, नाव बघलंय, नि होडीत घालून खाडयेच्या तोंडाक सोडलंय."

"अहो, नको होतं तर नको म्हणायचं," सामंत म्हणाले.

"थंय इल्यार समाजला, नको म्हटलंय आसतंय तर कित्याक ता सांगूचा लागला आसता."

"ते मी सांगते," रुक्मिणी म्हणाली, आणि फोटो टेबलावर ठेवला. "फायनलनंतरचा फोटो. सुदेशच्या हातात कॅचरची जाळी आहे. डाव्या गालाची पट्टी तारेने बांधलेली. शाळेत जाळी एकच होती आणि ती तार सुशांतने बांधली होती. सुशांतला आजही वाटतं की ती त्याने हरवली आणि परत कधी सापडली नाही. तो पुन्हा शाळेत आलाच नाही, त्याने हा फोटो पाहिलेला नाही. माझ्या मात्र शंभरदा डोळ्यांसमोर आला होता. सुदेश, जाळी कुठून आली?"

बाहेर मैदानात कुणीतरी मंडपाचे बांबू टाकत होतं. सुदेशने फोटो जवळ ओढला आणि त्यातल्या जाळीवर बोट ठेवलं.

"मी लपयलेली," तो म्हणाला. "मी राखीव. सहा मॅची बाकार बसान काढलेलंय. वाटला, जाळी नाय म्हटल्यार सर सुशांतार चिडतले, फायनलीक माका घेतले. तो जाळीशिवाय उभो ऱ्हवात असा माका वाटूक नाय. खरा सांगतंय. चेंडू लागलो तेवा मी धा पावलांवर होतंय. सरांनी नंतर इचारल्यानी, जाळी खंय गावली? मी म्हटलंय, झाडीत. तेंनी पुढे इचारूक नाय."

सत्यवान उठला. सामंत घाबरून मध्ये आले, पण त्याने हात उगारला नव्हता. त्याने फक्त दार उघडलं.

"माका कित्याक सांगतंस," तो सुदेशला म्हणाला. "तेका सांग. चल."

सामंतांनी अर्ज घडी करून खिशात घातला आणि उद्याचं काय, असं पुटपुटले. "आठ पाट्या लागतील," सलोनी म्हणाली, "आणि नववी का नाही ते मी स्वतः मुलांना सांगेन." रुक्मिणी जवळून गेली तेव्हा मात्र तिने तिच्याकडे बघितलं नाही.

६

सुशांतने सगळं उभ्या उभ्या ऐकलं. सुदेश शेडच्या दारात, ऊन पाठीवर घेऊन बोलत होता. मध्येच अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. सुशांत हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी पुसत राहिला.

"खंय लपयलेलंस?" त्याने एवढंच विचारलं.

"पाण्याच्या टाकयेमागे."

"मी टाकयेपर्यंत गेललंय शोधूक. मागे बघूक नाय." त्याने हातातलं फडकं इंजिनावर टाकलं. "तू जा आता. आज माका तुजा तोंड बघूचा नाय. पुढचा पुढे."

सुदेश गेला. सत्यवान त्याच्यामागे काही अंतर गेला आणि माडाला टेकून खाडीकडे तोंड करून उभा राहिला.

"सुशांत," रुक्मिणी म्हणाली, "वही तुका सांभाळूक नव्हती लिवलेली. शाळेक नि सरांका सांभाळूक. सरांनी सांगला नि मी लिवलंय. आणि सलोनीक मी बरोबर आसा म्हटलंय ता माझ्याच मनान. सकाळी सांगूक होया होता तुका. तोंड उघडला नाय."

त्याने ऐकलं की नाही ते कळलं नाही. तो तिला ओलांडून घराकडे निघाला. मागल्या पडवीत त्याची आई सीता सुपात कुळीथ निवडत बसली होती. ऐंशी ओलांडलेली, कानाने थोडी जड. सुशांत तिच्यापुढे उकिडवा बसला, लहान पोर बसतं तसा.

"आये, जाळी माझ्यान हरवूक नाय," तो मोठ्याने म्हणाला.

"कसली जाळी?"

"शाळेतली. खेळताना तोंडार बांधूची. ती मी हरवलंय असा वाटायचा. तशी नाय झाली."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. तिला जुळवायला वेळ लागत होता. "म्हणान तू शाळेत जायत नव्हतंस?"

"म्हणान."

"माका कोणी सांगूक नाय रे," ती म्हणाली. "माका वाटला, तुका शाळाच नको झाली. बापूस दर दिसा मारायचो तुका, जा म्हणान. मी पण बोलायचंय." तिने त्याच्या मिटलेल्या डोळ्यावरून हात फिरवला, मग दोन्ही गालांवरून. "येका शब्दान सांगूचा नाय?"

सुशांतने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता.

रुक्मिणी पडवीच्या पायरीशी उभी होती. सीताने मान वर करून बारीक डोळ्यांनी बघितलं. "रुक्मिणी ना गो ती? भायर कित्याक उभी? ये, बस."

रुक्मिणी सुशांतकडे बघत राहिली. त्याने ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. तिने पडवीत पाऊल टाकलं नाही. ती खालच्या पायरीवरच बसली, आणि वर पडवीत माय-लेक हळूहळू बोलत राहिले ते ऐकत राहिली. तिथून उठून जायचा हक्क आपला नाही, एवढंच तिला कळत होतं.